पहिली वेगळी

ओन्नी म्हणाला, हे पिस्तूल खोटं बोलतं.
डावीकडे, खाली. दर वेळी.
लोकरीच्या एका जुन्या मोज्यातून काढून
त्याने ते काउंटरवर ठेवलं,
आजारी मांजर डॉक्टरपुढे ठेवावं तसं,
आणि दोन पावलं मागे सरला.

मी म्हटलं, पाच जणांची साक्ष झाल्याशिवाय
मी कुणालाच खोटं ठरवत नाही.

कुहमोच्या बाहेर जुन्या वाळूच्या खाणीत आमची रेंज.
ऑक्टोबर. डबक्यांवर काचेइतकं पातळ बर्फ.
आउलिसने किल्ली दिली, थर्मासमधली कॉफी दिली,
लाल झेंडा वर चढवला.
वारा नव्हता, झेंडा काठीला बिलगून राहिला.

पंचवीस मीटर. पावलांनी मोजत नाही मी,
टेप ताणते.
वाळूच्या पिशवीवर मनगटं टेकवते, पिस्तूल नाही.
माझी बासष्टी उलटली: मागची खाच धूसर,
पुढचा दाणा लख्ख, लक्ष्य पुन्हा धूसर.
तिघांपैकी एकच धरता येतं,
मी दाणा धरते, बाकीच्यांना सोडून देते.
चाप ओढत नाही. त्याला वाट करून देते,
मग तो आपल्या वेळेला सुटतो
आणि दर वेळी मला जरासं नवल वाटतं.
नवल वाटलं पाहिजे.

पाच.
पितळी पुंगळ्या उजवीकडे, गोठलेल्या वाळूवर,
घटकाभर वाफाळत पडलेल्या.

चार भोकं एका बाटलीच्या झाकणाखाली झाकतील इतकी जवळ.
एक लांब. अंगठाभर वर.
मी मनात म्हटलं, माझीच चूक. कॉफी कमी पडली.
पुन्हा पाच.
चार एकीकडे, एक वर.
आता आउलिस दुर्बिणीला डोळा लावून बसला
आणि तिसऱ्या खेपेला पहिल्याच आवाजानंतर
हसत ओरडला, हीच! हीच ती!

पहिलीच.

पहिली गोळी हाताने भरलेली असते.
स्लाइड मी ओढते, मी सोडते.
पुढच्या चौघींना पिस्तूल स्वतःच आत घेतं,
मागच्या धक्क्याच्या जोरावर, माझ्याकडे न बघता.
लोखंडाला हा फरक कळतो.
नळी केसभर वेगळी बसते,
आणि त्या केसाचा, पंचवीस मीटरवर, अंगठा होतो.

आम्हीही पाच भावंडं. मी पहिली.
असो.

कॅलिपर लावला. चौघींचा घेर सदतीस मिलिमीटर.
डावीकडे कुणीच गेलेलं नाही. खाली तर नाहीच.

दुपारी ओन्नी आला. मॅगझिन मी भरलं,
तिसऱ्या जागी एक लटकं काडतूस घातलं:
आकार तोच, आत दारू नाही.
त्याला सांगितलं नाही.
एक. डावीकडे, खाली.
दोन. डावीकडे, खाली.
तीन.

टक्.

आवाज झालाच नाही,
आणि तरी पिस्तुलाने मान घातली,
डावीकडे, खाली,
न आलेल्या चापटीला कुणी गाल चुकवावा तशी.

आउलिस कॉफीत बघू लागला.
मी झेंड्याकडे.
ओन्नी बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिला,
हात दुसऱ्याच कुणाचा असावा आणि
ओळख पटत नसावी, तसा.
मग म्हणाला, वडिलांचं होतं हे.
आणखी काही बोलेल असं वाटलं. नाही बोलला.
पिस्तूल बरं आहे तर?
बरं आहे, मी म्हटलं.

कार्डावर लिहिलं:
चौघी सदतीस. पहिली अंगठाभर वर, नेहमीच.
दुरुस्ती काही नाही.
तपासणीचे पैसे घेतले, पूर्ण घेतले.
लटकं काडतूस मात्र त्याच्या मोज्यात टाकलं.
सांगितलं, रोज रात्री हे एकटंच भरायचं,
भिंतीकडे तोंड करून, दहा वेळा.

काहीच होत नाही, याची
हाताला सवय व्हायला
किती दिवस लागतात, त्याने विचारलं.

मी पुंगळ्या वेचत होते.
म्हटलं, टेप नाही माझ्याकडे त्याची.