हवा कुठून बाहेर जाईल

मोबील नदीच्या धक्क्यावर
सात महिने आम्ही तिला धूत होतो.
बुडवायच्या आधी जहाज स्वच्छ लागतं.
तेलाचा थेंब नको, वायरीचा तुकडा नको,
रंगाचे पोपडेसुद्धा खरवडून पोत्यांत भरायचे.
माशांना बाधतं.
माणसांना बाधत होतं तेव्हा नाही खरवडलं कुणी,
ऑर्विल पेटवे म्हणाला,
आणि मास्क पुन्हा नाकावर ओढला.

त्याची आत्या हिच्या पोटात, पाण्याच्या रेषेखाली,
अकरा वर्षं चादरींना इस्त्री करायची.
अटलांटिक कितीदा ओलांडला, हिशेब नाही.
पाहिला फारसा नाही.
वरच्या डेकवर जायची मुभा नव्हती;
समुद्र तिला तळपायांना कळायचा.
इस्त्री आपोआप डावीकडे सरकायला लागली
की म्हणायची, आलं आयर्लंड.

माझं काम भोकं पाडायचं.
खडूनं आखलेले चौकोन, टॉर्चची निळी जीभ,
पोलाद लाल, मग पिवळं, मग नाहीच.
लोकांना वाटतं, पाणी आत कुठून घ्यायचं हा प्रश्न असतो.
प्रश्न असतो, हवा कुठून बाहेर जाईल.
हवा कोंडली की जहाज कलतं,
कुशीवर पडतं.
सरळ बसलं पाहिजे तळाशी,
जेवायला बसल्यासारखं.

रिकामी होत होत ती नऊ फूट वर आली.
लॉन्ड्री पहिल्यांदाच पाण्याच्या वर होती.
तिथल्या भिंतीवर, रंगाच्या चार थरांखाली,
पेन्सिलीच्या रेघा. पाच-पाचाच्या जुड्या.
चादरी? दिवस? फेऱ्या?
ऑर्विल बोटानं मोजत गेला, मधेच थांबला.
मुकादम म्हणाला, तेही काढ.
त्यानं काढलं.

त्या भिंतीवर माझा चौकोन नव्हता.
मी आखला.
दारापेक्षा जरा मोठा,
बाईला मान न वाकवता जाता येईल एवढा.
कापलेला पत्रा नदीत पडला तेव्हा
खोलीत ऊन आलं, आणि आम्हाला कळलं
की फरशी हिरवी होती.

मार्चमध्ये आखातात नेऊन सोडली.
भाषणं झाली, कुणीतरी बिगुल वाजवला, जरा बेसूर.
पंचावन्न मिनिटं लागली.
सरळ गेली.
नंतर बराच वेळ बुडबुडे येत राहिले,
नेमके कुठल्या खोलीतले, सांगता येत नाही.

डेल्फीन रोबिशो जूनमध्ये खाली जाऊन आली.
म्हणाली, तुमच्या त्या भोकातून स्नॅपर ये-जा करतात,
घाई नाही कसली.
ऑर्विलनं एवढंच विचारलं,
ते भोक कुठल्या दिशेला आलं?
दक्षिणेला, मी म्हणालो.
उघड्या पाण्याकडे.

चालेल, म्हणाला.