नियोजित

पाथर्डी फाट्याच्या पुढे, आमच्या कॉलनीच्या टोकाला
एक रिकामा प्लॉट आहे, आणि त्यात एक पाटी:
‘मनपाची जागा. नियोजित उद्यान.’
पाटीच्या पायाशी गाजरगवत, फुटका कमोड,
कुणाच्या तरी वास्तुशांतीच्या पत्रावळी
आणि दुपारची तिथेच निजणारी डुकरीण, सहा पिलांसकट.

शर्वी पहिलीत गेली आणि दिसेल ते वाचू लागली,
बिस्किटाचा पुडा, औषधाची बाटली, रिक्षाची पाठ.
एका संध्याकाळी पाटीसमोर थांबली.
नि. यो. जि. त.
आई, नियोजित म्हणजे?
मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
म्हणजे, होणार असं ठरलेलं.
कधी होणार?
ते ठरलेलं नाही.

शब्द चप्पल न काढता घरात आला.
सकाळी नळाची धार बारीक होत चाललेली,
योगेश अंबडहून थर्ड शिफ्ट करून तोंडावर चादर ओढलेला,
मी ओरडले, दात घासलेस का?
नियोजित आहेत.
आणि दूध?
नियोजित दूध पिऊन झालं.
खालच्या खैरनार काकांना नवी कवळी बसली
तिला ती म्हणाली नियोजित दात,
आणि काका इतके हसले की कवळी हातात आली.

मग एकदा जेवताना, भाकरी रश्शात तशीच भिजत ठेवून:
आई, तुझ्या पोटातलं बाळ नियोजित आहे का?
योगेशने माझ्याकडे पाहिलं. मी कढईकडे.
टीव्हीवर कांद्याचे भाव सांगत होते.
हो, तो म्हणाला. म्हणजे, आता आहे.

ऑगस्टात नऊ नंबरच्या जुळ्यांपैकी एकाला डेंग्यू झाला,
आठवड्याने दुसऱ्याला.
प्लॉटातल्या टायरांत पाणी होतं, सगळ्यांना माहीत होतं.
धुराची गाडी आली. मुलं तिच्यामागे धावली,
ढगात दिसेनाशी झाली, खोकत परत आली.
बोरस्तेताईंनी फुलस्केपवर निवेदन लिहिलं,
‘उपरोक्त विषयास अनुसरून’, विषय मात्र वर लिहायचा राहिला,
आणि सह्यांसाठी दारोदार फिरल्या.
सतरा नंबरने दार उघडलं नाही.
रात्रीच्या काळ्या पिशव्या त्यांच्याच, सगळे म्हणतात.
घंटागाडी चुकली तेव्हा मीही टाकलीय एक.
दोन.

शर्वीने माझ्या सहीखाली आपलं नाव घातलं.
रफार वीवर बसायचा सोडून
शेजारच्या गांगुर्ड्यांच्या सहीवर जाऊन बसला.

सिडकोच्या ऑफिसात साहेब दौऱ्यावर होते.
खिडकीतल्या माणसाचं बोट सह्यांवरून खाली आलं, थांबलं.
ही कोण?
अर्जदार, मी म्हणाले.
तो खुर्चीतून उठून, वाकून बघत राहिला.
तिने त्याला पडलेल्या दाताची खिंड दाखवली.
त्याने झेरॉक्सवर शिक्का मारला. ही घ्या पोहोच.
पोहोच म्हणजे?
कागद पोहोचला, असं लिहून देतात.
कुठे पोहोचला?
पुढचे कोण, तो म्हणाला.

परतताना रिक्षात तिने तो कागद दोन्ही हातांनी धरला,
निळी शाई अंगठ्याला लागली.
पाटी दिसल्यावर ओरडली, काका, थांबवा.
मी म्हणतेय, अगं खाज सुटेल,
तोवर ती बुटांनी गाजरगवत आडवं करत
पार पाटीपर्यंत गेलेली, पाच पावलांची वाट मागे ठेवून.
तिथे उभी राहून तिने पाटीला
सगळं निवेदन वाचून दाखवलं,
अडखळत, अवघड जोडाक्षरं गिळत, सह्यांसकट.
डुकरिणीने एक कान हलवला.

रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं.
मॅडम, तो म्हणाला,
वेटिंगचे वेगळे होतील.