भंवरकुआ, रात्री दीड

पांघरुणात मोबाइल, आवाज बंद.
जपानी मुलगी गरगर फिरते,
रिबिनी, तारे, गुलाबी फ्रॉक,
आणि फिरणं थांबतच नाही.
मांजरासारखं काहीतरी तिच्या खांद्यावर
गोड विचारतं : सही केलीस ना?

मृण्मयी सिनेमा थांबवते.

खिडकीसमोर क्लासचं होर्डिंग.
मागल्या वर्षीची शलाका,
कपाळावर छापील तारा.
ह्याच खोलीत राहायची म्हणे.
इंदूरच्या उन्हात आधी तिचे ओठ गेले,
मग डोळे.
रँक अजून लालभडक.

सकाळी पोहेवाला हनुवटीनं वर दाखवतो,
'बिटिया, अगली बार तेरा फोटो.'
ती जीरावन जास्त मागते,
दप्तर नसलेला खांदा
उगाच झटकते.
दोनदा.

ते हलत नाही.