फट

कॅनडा कॉर्नरला माझं दुकान आहे, तिकिटांचं.
नावावरून गिऱ्हाईक हमखास हसतं.
मीही हसते, रोज, नव्याने हसल्यासारखं.

भाद्रपदात सुकदेव गायखे आले, पळशाहून,
मागे अनसूयाकाकू, पासपोर्ट पदरात गुंडाळलेले.
वहीचा फाडलेला कागद, पेन्सिलीने आकडे:
ओझर साडेअकरा. दिल्ली दीड.
टोरोंटोचं विमान तीन वीस.
खाली दोन रेघा,
उत्तर बरोबर आल्यावर मारतात तशा.
"एक तास पन्नास मिनिटं. पुष्कळ झाली.
आठ हजार वाचतात, मॅडम."

मी माझं रोजचं सुरू केलं.
दोन तिकिटं वेगवेगळी आहेत, काका.
पहिलं विमान रखडलं तर दुसरं थांबणार नाही,
त्याला तुमचं नावही माहीत नसतं.
दिल्लीला बॅगा पट्ट्यावरून उतरवा, बाहेर या,
टर्मिनल बदला, पुन्हा वजन करा,
चिवड्याची पिशवी पुन्हा उघडून दाखवा,
मग शिक्क्याची रांग,
मग बूट आणि पट्टा काढायची.
आणि तुम्ही निघणार जानेवारीत.
धुकं कुणाला विचारून पडत नाही.
चार तास तर हवेतच. मी सात ठेवते.

"सात तास तिथं करायचं काय?" काकू.
"काही नाही," मी म्हटलं.
गॅस चालू ठेवून या, असं सांगितल्यासारखं
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"एकतीस वर्षं ओझरला एचएएलमध्ये फिटर होतो.
विमानाचं मला सांगू नका."
खरं होतं. मी गप्प बसले.
विमानात बसले मात्र नव्हते ते कधी.

कोठावद्यांचं मी बोलले नाही.
घाईत होते, मस्कतला भाऊ शेवटच्या घटकेला,
मी पंचावन्न मिनिटांचं दिलं, त्यांनी मागितलं म्हणून.
पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा उतरलं.
परत आल्यावर ते भांडले नाहीत.
भांडले असते तर बरं झालं असतं.
आता रस्ता ओलांडून पलीकडून जातात.

बरं, म्हटलं, तुमचंच खरं. पासपोर्ट द्या.
झेरॉक्स काढायला उठले
तर दुकानाचं दार उघडेना.
पावसाळाभर असंच, खांद्याने ढकलावं लागतं.
गायखे उठले. चौकटीवरून बोट फिरवलं,
वरपासून खालपर्यंत, डोळे मिटून.
"सुताराने फट ठेवली नाही."
"चोख बसवलंय म्हणाला होता."
"चोखच आहे. म्हणून अडकतंय.
लाकूड फुगतं, लोखंड तापतं,
त्याची जागा आधीच सोडायची असते.
आमच्यात नवीन पोराला पहिल्या आठवड्यात..."

पुढचं वाक्य आलं नाही.
खुर्चीत बसले. कागद पुढ्यात ओढला.
दोन रेघांवर तिसरी मारली, आडवी.
"किती म्हणालात? सात?"
काकू खिडकीबाहेर बघत होत्या,
काही न ऐकल्यासारख्या.

जानेवारीत, दुपारी, फोन.
"ओझरचं वेळेवर सुटलं. दिल्ली वेळेवर.
धुकं नाही, काही नाही.
रांगाबिंगा दोन तासांत आटोपल्या.
मॅडम, तुमच्यामुळे पाच तास उरलेत.
चहा दोनशे ऐंशीला."
मी सॉरी म्हणणार होते.
मागे घोषणा चालू होती, कुठल्या तरी गावाची.
"ही काचेला नाक लावून बसलीय.
दर विमानाला विचारते, हे तुमच्या हातचं का?"
"मग?"
"मग काय. हो म्हणतो."
"सगळ्यांना?"

तेवढ्यात लाइन गेली.