हिंग, तीस रुपये

शनिवारी रात्री झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या
बिघडलेल्या कागदाच्या पाठीवर
मी आठवडा आखते.
पुढून कुणाचं तरी रहिवासी प्रमाणपत्र, अर्धं काळं पडलेलं,
मागून आम्ही चौघं, अकराशे पन्नास रुपयांत.
दूध वेगळं, सिलिंडर वेगळं.
कूलरच्या बिलाबद्दल आम्ही घरात बोलत नाही.

मे महिन्यात नागपुरात
कालचं काही आजपर्यंत टिकत नाही.
सकाळचं वरण दुपारी तीनला फसफसतं.
फ्रिजचा गॅस गेला त्याला दोन वर्षं झाली,
आता त्यात साखर ठेवते, मुंग्या लागत नाहीत.
म्हणजे उरवायचं नाही
आणि कमीही पडू द्यायचं नाही,
आणि मंथनची भूक तर
त्याची टीम किती ओव्हर खेळली यावर.

रविवारी आलू-वांगं.
वांगी बुधवारी बाजारातली, रात्री नऊनंतरची.
बाई पोतं झटकायला लागली
की तीसचा ढीग वीसला होतो.
मी मुद्दाम चपलेचा पट्टा नीट करत उभी राहते,
ती मुद्दाम माझ्याकडे पाहत नाही.
सांभार मागायचा नाही, तो ती आपणहून टाकते.

सोमवारी पातळ बेसन.
मंगळवारी तूर, पण तुरीत मूठभर मसूर
आणि फोडणीला लसूण जास्त, म्हणजे कळत नाही.
बुधवारी कढी-गोळे:
दही म्हणजे काही नासलेलं दूध नव्हे,
पण उन्हाळ्यात दोघांत फार अंतर राहत नाही.
बरबटी कधीही.
भेदरे साठ रुपये किलो, म्हणून चिंच.
शुक्रवारी मुगवड्या, घरच्याच,
पुढचं पाहू.

आणि सगळ्यात खाली, तेल आणि मिठाच्या मध्ये,
हिंग: तीस रुपये.

दर आठवड्याला.
इतकं हिंग कुठलं घर खातं,
असं हेमराजने कधी विचारलं नाही.
तो हिशेब पाहत नाही, शेवटचा आकडा पाहतो,
आणि तो दहा तारखेपर्यंत पुरतो का ते.

गुरुवारी मी एक स्टॉप आधी उतरते.
सात वाजताच डांबर तापायला लागलेलं असतं
आणि त्या माणसाच्या गंजात तर्री त्याहून लाल.
प्लेटभर पोहे, वर चणे, कच्चा कांदा.
‘भौ, तर्री जरा अजून.’
तर्रीचे पैसे तो घेत नाही.
मी उभ्याने खाते, घाम कानामागून मानेवर,
नाक गळतं, पदराला पुसते.
या खाण्यातली मूठ मी मोजलेली नसते.
कोणाला किती उरेल
हे त्या दहा मिनिटांत माझं काम नसतं.
मग रुमालात बडीशेप, आणि आठला शटर वर.

या मंगळवारी वरण वाढत होते.
सासूबाईंनी भातात खळगा केला, वास घेतला.
म्हणाल्या, ‘सूनबाई,
हिंगाची डबी तं संक्रांतीपासून तेवढीच हाय.’

पळी हवेत.
हेमराज मोबाइलमध्ये.
मंथनने दुसरी पोळी घेतली, हिशेबाबाहेरची.

त्यांनी भात कालवला, सावकाश,
एक घास खाल्ला, मीठ मागितलं.
मग माझ्याकडे न पाहता,
‘एखांद्या गुरुवारी मले बी आणजो थोडं हिंग.
तर्री येगळी बांधून.’

आज पुन्हा शनिवार.
कागदाच्या पुढच्या बाजूला कुणाची तरी मार्कशीट,
गणितात पस्तीस.
मागे मी लिहिलं, हिंग: साठ.
मग फल्लीदाणे पाव किलोवरून शंभर ग्रॅमवर आणले,
बरबटी खोडली, पुन्हा लिहिली,
एक वांग्याचा ढीग कमी केला.
तरी चार रुपये जुळत नाहीत.

पातळ बेसन आणखी किती पातळ होतं
ते सोमवारी पाहू.