ओलं पोतं

येलदरीच्या उपकेंद्रात सात वर्षं काढली,
शिवड्याचे दात पाहिले ते फक्त माणसांच्या बोटांवर.
कापलेलं नसतं, खरवडलेलं असतं,
कानशीनं लोखंड घासावं तसं.
टाका धरत नाही.
पट्टी, धनुर्वाताचं इंजेक्शन,
रजिस्टरात कारण: मासा.

जळबा भोई स्वतःसाठी कधी आला नाही.
चाळीस वर्षं गळ टाकतोय
आणि दहाच्या दहा बोटं शाबूत.
विचारलं तर म्हणाला,
"बगायलाच ये की सिस्टर. सांगून कळत न्हाई ते."

थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून बसले,
चपला काठावर, मांडीत डबा.
पोहता येत नाही हे सांगायचं राहून गेलं होतं.
धरणाच्या भिंतीवरचे दिवे अजून चालू,
पाण्याबाहेर बुडालेल्या बाभळींचे काळे शेंडे.

दोर ताणला.
जळबाच्या तळहाताला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला.
शिवडा खाली गेला, यानं जाऊ दिला.
पुन्हा गेला. पुन्हा दिला.
"तो वडायलाय म्हणून आपुन वडायचं नसतं.
दमू द्यावं. पण लई बी नको,
गेल्याला दम मागून भरून येत न्हाई."

मग आला तो तराफ्याला लागून.
चपटं डोकं, लांब मिशा,
तोंड डोळ्यांच्याही मागे फाटत गेलेलं,
आणि आत दातांची ओळ नाही,
दातांचं शेत.
तराफा त्याच्या बाजूला कलला.
मी डबा घट्ट धरला, जणू डबा मला तारणार होता.

जळबानं दोरानं उचलला नाही.
"त्याचंच वजन त्याचा जबडा फाडतं."
आधी हात भिजवले, कोपरापर्यंत.
ओलं पोतं पाण्यातच पोटाखाली सरकवलं,
एक टोक डोळ्यांवर ओढलं.
"अंधार केला की निम्मं भांडण मिटतं."
खरंच मिटलं. शेपटी दोनदा आपटली, मग नुसता श्वास.

"पोरं कल्ल्यात बोट घालत्यात, फोटोसाठी.
अगं त्याचं फुफ्फुस हाय ते.
तुझ्या फुफ्फुसात घालू का बोट?"
मी मान हलवली. प्रश्न मला नव्हता तरी.

जबडा दातांनीच धरू दिला एका काठीला,
आणि कमरेचा चिमटा काढला,
लांब, वाकड्या टोकाचा, मुठीला थोडा गंज.
गळ उलटा फिरवून एका दमात सोडवला.
मी चिमट्याकडे बघत राहिले.
मुठीजवळ लाल नेलपॉलिशचा ठिपका.
मीच लावलेला.
तीन वर्षांपूर्वी ऑडिटला एक आर्टरी कमी भरली,
पैसे माझ्या पगारातून गेले.
आणि आठवलं, पुतण्याच्या अंगठ्याला पट्टी बांधताना
हाच ट्रे धरून उभा होता,
फार आदबीनं.

तेवढ्यात सवयीनं माझा हात पोटावर गेला,
ओला करून, हे तरी शिकले होते.
ताठ. दोन्ही बाजूंनी भरलेलं.
मी बोलायच्या आत तोच बोलला,
"भरल्याली हाय."
मघापासूनचा तो, ती झाली.

जिंतूरला किलोला दोनशे मिळाले असते,
सहा किलोच्या खाली नव्हती.
त्यानं हिशेब केला हे मला ओठांवरून दिसलं.
मग पोतं पाण्यात उतरवलं,
तोंड वाऱ्याकडे, एक हात शेपटीच्या मुळाशी.
ढकललं नाही. धरून राहिला,
डबा गार होईपर्यंत.
तिनं स्वतःच हात झटकला त्याचा.
"बाराशे गेले," म्हणाला आणि थुंकला.

परत येताना चिमटा पुढे केला, तोंड दुसरीकडे.
"पायजे का तुला?"
मी म्हटलं, राहू द्या.
पण तेल लावत जा. टोकाला.

सोमवारी एक पोरगा आला, बोट रुमालात गुंडाळून.
कल्ल्यात घातलं होतं.
मलमपट्टी होईपर्यंत मोबाईल दाखवत होता.
फोटो चांगला आला होता.