ङ

येरवड्याच्या नोंदणी कार्यालयाबाहेर माझी टपरी.
भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, नाव बदलायचं तर गॅझेट.
एकोणतीस वर्षं माणसांना पहिलं हेच विचारत आलोय :
आडनाव?
त्यावरून पुढचं बरंच कळतं. इथे सगळ्यांनाच कळतं.

ती म्हणाली, नाही.
नाही म्हणजे?
आमच्यात नसतं.

खोलीमालक उंद्रे हसला.
चंदननगरला त्याच्या पत्र्याच्या अकरा खोल्या.
काका, टाका काहीही. मणिपुरी टाका.

ऑनलाइन फॉर्मला मात्र रिकामं चालत नाही,
रकान्यापाशी लाल चांदणी पेटते
आणि पान तिथेच बसून राहतं, दारात बसलेल्या वसुलीवाल्यासारखं.

तिने नाव सांगितलं. मला ऐकू आलं नून.
पुन्हा सांगितलं. मला ऐकू आलं गून.
मग जीभ मागे घेऊन, नाकातून, न चिडता,
पहिलीच्या बाईंसारखं तिने ते म्हणून दाखवलं
आणि माझ्या लक्षात आलं,
हे ते अक्षर, ज्याला आमच्या तक्त्यात चित्रच नव्हतं.
क कमळाचा. ख खटाऱ्याचा. ग गवताचा. घ घराचा.
घराच्या पुढचा चौकोन
रिकामा.
तिथे आम्ही नुसते ओरडायचो आणि चमच्यावर उडी मारायचो.

ङुन.
पाठकोऱ्या कागदावर मी ठळक काढून दिलं,
टिंब जरा मोठंच.
म्हणजे चांदी, ती म्हणाली.
विमाननगरच्या पार्लरमध्ये तिला नयना म्हणतात.
दिवसाला चौदा माणसांच्या टाचा.

आधार?
रुमालाच्या घडीतून एक कार्ड निघालं, दिल्लीच्या ऑफिसचं.
मुदत संपलेली.
नवं करायला दिल्लीला जायला हवं,
जायला तिकीट हवं, तिकिटाला ओळखपत्र हवं.
उंद्रे म्हणाला, म्हणून तर भाडं दोन हजार जास्त.
जोखीम आमची आहे ना.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. भाऊ.
पडद्यावर पांढरा टोप, रबरी हातमोजे, मागे बर्फाचे ढीग.
थायलंडला कोळंबी सोलतो रात्री दोनपासून,
पासपोर्ट मालकाच्या कपाटात.
बहीण मलेशियात. आठवडाभर फोन लागत नाही,
धाड पडली की त्या सगळ्या टेकडीवरच्या झाडीत जाऊन बसतात.
आई मिझोराममध्ये, नदीच्या अलीकडे, ताडपत्रीखाली.
एका चुलीवर जेवणारी ही माणसं.
फोनवर ती पाच मिनिटं बोलली.
एक शब्द कळला नाही मला,
फक्त शेवटी जेवलास का हे विचारलं असणार.
ते कुठल्याही भाषेत त्याच सुरात विचारतात.

मग जुन्या पद्धतीनं, स्टँप पेपरवर.
मुदत अकरा महिने.
कागदावर या शहरात त्याहून जास्त कुणीच राहत नाही.

कायमचा पत्ता?
तिने गावाचं नाव सांगितलं. वर म्हणाली,
जाळलं. एकशेचाळीस घरं. पण गाव तिथेच आहे,
लिहा.

मी लिहिलं : मणिपूर.
उंद्रेनं मान डोलावली.
मी जास्तीचे तीनशेही घेतले, तिच्याकडून.
हे सांगायला हवं.

माझ्या जुन्या फॉन्टमध्ये ते अक्षर नव्हतं.
कागदावर आला ड.
तिला आमची लिपी येत नाही, तरी
पाठकोरा कागद शेजारी धरून तिने ताडून पाहिलं,
एकदा इकडे, एकदा तिकडे,
आणि माझ्या खिशातलं पेन मागितलं.

स्टँप पेपरवर खाडाखोड चालत नाही.
झालीच तर दोन्ही पक्षांच्या सह्या, समासात, तारखेसह.
तिने वाकून, श्वास रोखून,
टिंब दिलं.

उंद्रेला उशीर होत होता. सही कुठे करू, म्हणाला.
मी खाली बोट दाखवलं, नेहमीच्या जागी.
टिंबाला मी खाडाखोड धरलं नाही.